बाबा उजवा, बाबा डावा

ठकूच्या कामात दहातल्या सात तक्रारी एकाच जातीच्या असत. चित्र दिसतंय, माणसं तोंड हलवतायत, पण आवाज येत नाही.

संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या मदत केंद्रात ती नऊ वर्षं कानांना हेडफोन लावून बसत होती. बरोबरीची माणसं तिला ‘आवाजवाली’ म्हणत. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर फुली आहे का, व्हिडिओच्या खालची पट्टी कुणी शून्यावर ओढलीय का, वायर नीट बसलीय का, हे सगळं ती झोपेतसुद्धा विचारू शकली असती. आणि एवढ्यानं भागलं नाही, तर शेवटी आवाज नेमका कुठे पाठवला जातोय ते बघायला सांगायची. “आवाज हरवत नसतो,” असं ती लोकांना समजावायची. “तो दुसरीकडे जात असतो.” एका गृहस्थानं दोन दिवस तिच्या कंपनीचा उद्धार केला, आणि शेवटी निघालं असं की त्याच्या लॅपटॉपचा आवाज शेजारच्या खोलीतल्या टीव्हीतून येत होता आणि सासूबाई तो मजेत ऐकत बसल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही गोष्ट ती नव्या मुलींना शिकवताना हमखास सांगायची.

त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. आई कामाच्या वेळात सहसा फोन करत नसे.

“अगं, लॅपटॉप मुका झालाय,” आई म्हणाली.

“कुठला लॅपटॉप?”

“ह्यांचा. आज काढला बाहेर. म्हटलं विणकामाचं काही बघावं, नुसतं बसवत नाही. बाई दिसतेय, सुया हलतायत, पण शब्द नाही.”

ठकूनं डबा बाजूला सारला आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. फुली नव्हती. पट्टी भरलेली होती. वायर नव्हतीच. मग तिनं आईला यादी उघडायला लावली, आवाज कुठे जातोय त्याची. आईला चष्मा सापडेपर्यंत दोन मिनिटं गेली.

“दोन नावं दिसतायत,” आई म्हणाली, आणि मग पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर जोडून वाचू लागली. “बाबा उजवा. बाबा डावा. आणि खाली बारीक लिहिलंय, जोडलेलं आहे.”

ठकूनं डब्याचं झाकण लावलं.

“जुनं राहिलं असेल ते,” ठकू म्हणाली. “मी शनिवारी येते. तोवर हात लावू नकोस.”

ही नावं तिनंच दिली होती, दीड वर्षापूर्वी. बाबांची हयात छापखान्यात गेली. एकतीस वर्षं यंत्रांच्या धडधडाटात काढल्यावर निवृत्तीच्या वेळी त्यांच्या कानात काही उरलं नव्हतं. तिनं त्यांना चांगली श्रवणयंत्रं घेऊन दिली. फोनचा, लॅपटॉपचा आवाज थेट कानात पोचवणारी, बोटाच्या पेरापेक्षा लहान. प्रत्येकावर एक इवलंसं बटण होतं, त्यानं आवाज कमीजास्त करता यायचा. बाबा मग रोज तासन्‌तास जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसायचे. खोलीत चिडीचूप, आणि बाबांच्या कानात टिकटिक. आई म्हणायची, “घरात नवरा आहे की भिंतीवरचा फोटो, कळत नाही.”

चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बाबा घरातल्याच चपला घालून खाली उतरले आणि परत आले नाहीत. चष्मा आणि फोन टेबलावर होते. पैशांचं पाकीट कपाटात होतं. यंत्रं तेवढी कानात होती. पोलिसांत तक्रार झाली, दवाखाने पालथे घातले, चौकाचौकात त्यांचा फोटो लागला. रस्त्याच्या तोंडाशी दिवसभर उभ्या असणाऱ्या पहारेकऱ्यानं त्यांना पाहिलंच नव्हतं. इमारतीच्या दारातून ते बाहेर पडले, हेसुद्धा कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही.

शनिवारी सकाळी सहा तासांचा प्रवास करून ठकू घरी पोचली. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे तोंड केलेली अरुंद गॅलरी. फ्रिजवर यंत्रांची बॅटरी भरायची डबी होती तशीच होती. आईनं ती प्लगमधून कधी काढलीच नव्हती, तिचा हिरवा दिवा चार महिने जळत होता. डबी रिकामी होती. आतल्या दोन खळग्यांत धूळ बसली होती.

लॅपटॉप उघडला. बाबा उजवा, बाबा डावा. जोडलेलं आहे. उजव्याची बॅटरी चौऱ्याऐंशी टक्के, डाव्याची एक्क्याऐंशी.

ठकू त्या आकड्यांकडे बघत राहिली. ही यंत्रं भरली की जेमतेम एक दिवस चालतात, आणि भरतात फक्त त्या डबीत. शिवाय जोडणी टिकते ती तीस फुटांपर्यंत. मध्ये भिंती आल्या तर त्याहून कमी.

“कुणीतरी यंत्रं उचलली असणार,” ती आईला म्हणाली. “कुणाकडे तरी अशीच डबी असेल. वर, खाली, शेजारी. माणूस इथेच आहे.”

“कुठला माणूस?” आईनं विचारलं.

“ज्याच्याकडे ती आहेत तो.”

 आईनं चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

ठकूच्या फोनमध्ये एक सोय होती, जवळपासच्या जोडलेल्या वस्तूच्या सिग्नलचा जोर किती ते आकड्यात दाखवणारी. कामावर कधीमधी लागायची. फोन हातात धरून ती जिन्यात गेली. खालच्या मजल्याच्या वळणावर आकडा पडला आणि नाहीसा झाला. गच्चीत तर काहीच नव्हतं. समोरच्या घरात सिस्टर राहायच्या, निवृत्त परिचारिका, आईची जुनी मैत्रीण. त्यांनी घरभर फिरू दिलं, पलंगाखाली वाकून बघू दिलं. “चोर सापडला तर मलाही दाखव,” त्या म्हणाल्या, “घरात बोलायला कुणी नाही.” त्यांच्या मागच्या खोलीतही आकडा बारीकच.

आकडा वाढत होता तो स्वतःच्याच घरात शिरल्यावर.

ठकू चिकाटीची होती. तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर घराचा नकाशा काढला आणि दर पंधरा मिनिटांनी घरभर फिरून जोर सगळ्यात जास्त कुठे आहे ते पेन्सिलीनं टिपू लागली. सव्वाअकराला मोरीच्या दाराशी. साडेअकराला गॅलरीत. एक वाजता स्वयंपाकघरात, टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला. दीड ते तीन आतल्या खोलीत, पलंगाच्या डाव्या अंगाला. चारला परत गॅलरीत. रविवारी तिनं सगळं पुन्हा टिपलं. खुणा त्याच जागी पडल्या. दोन पावलांचासुद्धा फरक नव्हता.

आई भाजी निवडत बसली होती. नकाशा बघून ती म्हणाली, “साडेअकराला ते अंघोळ करून गॅलरीत केस वाळवायचे.”

“आई, यंत्रं अशी चालत नाहीत.”

“मी कुठे म्हटलं यंत्रं चालतात?”

शनिवारी संध्याकाळी ठकूनं फ्रिजवरच्या डबीच्या झाकणावरून शिवणाचा काळा दोरा ताणून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली होती. कुणी येऊन डबी उघडत असेल तर दोरा तुटायला हवा होता. रविवारी सकाळी दोरा जसाच्या तसा होता. लॅपटॉपवर मात्र उजव्याची बॅटरी शंभर, डाव्याचीही शंभर.

तिनं रजा वाढवून घेतली.

सोमवारी सकाळी तिनं ठरवलं की हा प्रकार बंद करायचा. यादीतून दोन नावं काढून टाकली की लॅपटॉपचा आवाज लॅपटॉपमधून येईल. लोकांना ती हे दिवसातून वीसदा करायला लावत असे. बाण नावावर नेला, तेवढ्यात आईचा हात तिच्या मनगटावर आला. ओला, पिठाचा.

“काढू नकोस.”

“आई, एक बटण दाबलं की तुझी विणकामवाली बोलायला लागेल.”

“मरू दे ती विणकामवाली. चार महिने मी भिंतींशी बोलतेय. आता कळतंय की कुणीतरी ऐकतंय, आणि तू तेच बंद करणार?”

“कुणी ऐकत नाहीये.”

“मग त्या डबीवर दोरा कशाला ताणलास?”

त्या दिवसापासून आई दीडच्या ठोक्याला लॅपटॉप आतल्या खोलीत नेऊन ठेवू लागली आणि घड्याळदुरुस्तीचे व्हिडिओ लावू लागली. स्वतः पलंगाच्या उजव्या बाजूला बसायची, विणकाम हातात घेऊन. पडद्यावर कुणीतरी चिमट्यानं इवलाली चाकं उचलत असायचं. खोलीत आवाज नाही. आणि ठकूला दारातून दिसायचं की आवाजाची पट्टी आपोआप एक-एक घर वर चढतेय. जशी ती बाबांनी कानामागचं बटण दाबल्यावर चढायची तशी. आवडीचा व्हिडिओ असला की पुरी भरायची. जाहिरात आली की खाली.

आईच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत न दिसलेला तजेला आला होता. ती जेवू लागली होती. एकदा तर स्वतःशीच हसली. ठकूला तिच्यावर रागावताही येईना आणि तिच्याजवळ बसवेनाही.

मंगळवारी आई बाजारात गेल्यावर ठकूनं लॅपटॉपमध्ये स्वतःचा आवाज भरला. एवढंच: “बाबा, मी ठकू. तुम्ही कुठे आहात?” आणि ते वाक्य त्या दोन नावांकडे सोडलं.

पट्टी खाली आली. एक घर, दोन घरं. कुणाला घाई नव्हती. शून्यावर येऊन थांबली.

तिनं पट्टी हातानं वर केली आणि वाक्य पुन्हा लावलं. पट्टी पुन्हा खाली आली. या वेळी जरा लवकर.

ठकू खुर्चीत बसून राहिली. का, हे तिला विचारायची गरज नव्हती. आईला, पोलिसांना, कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट तिच्यापाशी होती.

बाबा गेले त्या मंगळवारी, दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी, त्यांनी तिला कामावर फोन केला होता. बाबा फोन करणाऱ्यांतले नव्हते. सकाळपासून तिनं चाळीस तक्रारी ऐकल्या होत्या, कान किटले होते. “बोला बाबा,” ती म्हणाली, आणि फोन डब्याशेजारी ठेवून त्याचा आवाज पार बंद केला. मग ती जेवली. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे बाबा बोलत होते. मधूनमधून फोनकडे तोंड करून ती “हं” म्हणत होती. अकरा मिनिटं. मग फोन आपणच बंद झाला. त्यानंतर चोवीस मिनिटांनी बाबा जिना उतरले. काय बोलणं झालं, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, “नेहमीचंच.” त्यांनी तसं लिहून घेतलं.

बुधवारी तिला सुचलं की या यंत्रांना माइकही असतो. लॅपटॉपचा आवाज जसा त्यांच्याकडे जातो, तसा त्यांच्याकडचा आवाज लॅपटॉपमध्ये घेता येतो. कामावर हे सुचायला तिला पाच दिवस लागले नसते.

आवाज घ्यायच्या यादीतही तीच दोन नावं होती. तिनं बाबा उजवा निवडला आणि एक मिनिट भरून घेतलं. आई तेव्हा भांडी घासत होती. लॅपटॉपवर ते ऐकू येणार नव्हतं, म्हणून तिनं भरलेला आवाज वायरनं आपल्या फोनमध्ये घेतला आणि फोन कानाला लावला.

नळाचं पाणी. ताटांचा खणखणाट. आईचं गुणगुणणं, स्वयंपाकघरातून येतं तसं, दुरून. आणि अगदी जवळ, टकटक. टकटक, मग थांबून पुन्हा टकटक. ते कशाचं, हे कळायला तिला थोडा वेळ लागला. तिच्याच नखांचा आवाज होता तो, लॅपटॉपच्या कळांवर. ऐकणारा तिच्या खुर्चीमागे हातभर अंतरावर होता.

ती उठली आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. लॅपटॉप मांडीवर ओढला.

दुपारी आई सिस्टरांकडे गेल्यावर तिनं घराचं दार लावून घेतलं. पंखे बंद केले. गॅलरीचं दार लोटलं. बाहेर लख्ख ऊन होतं, खालून एखादी गाडी जाई, बाकी काही नाही. तिनं नवं वाक्य भरलं.

“बाबा, त्या दिवशी मी ऐकत नव्हते. फोनचा आवाज बंद केला होता मी. चुकलं माझं. काय सांगत होतात ते परत सांगा.”

बाबा उजवाकडून आवाज भरायला सुरुवात करून तिनं ते वाक्य सोडलं.

पट्टी खाली आली नाही.

एक घर वर गेली. मग आणखी एक. मग पुरी भरली.

आणि पडद्यावर, भरल्या जाणाऱ्या आवाजाची रेघ, जी सपाट होती, हलली. कुणीतरी बोलायला तोंड उघडावं तशी. मग ती उठू-बसू लागली. लहानमोठे डोंगर, मध्ये श्वासाएवढी सपाटी, पुन्हा डोंगर. नऊ वर्षं ती अशा रेघा बघत आली होती. माणूस बोलतो तेव्हाच रेघ अशी चालते.

खोलीत काही ऐकू येत नव्हतं. तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

डोंगरांच्या मध्ये अधूनमधून एक बारीकसा उंचवटा येत होता. एका अक्षराएवढा.

अकरा मिनिटं झाली. शेवटी एक डोंगर वर जाऊन थांबला, प्रश्नाचा शेवट वर जातो तसा. मग सपाटी. मग तो एक बारीक उंचवटा.

रेघ थांबली.

त्याच क्षणी लॅपटॉप ओरडला. आईनं उघडा ठेवलेला व्हिडिओ सुरू झाला होता आणि विणकामवाली बाई खणखणीत आवाजात सांगत होती की दोन टाके उलटे घ्या. ठकूच्या तोंडून किंकाळी निघाली. पट्टी खाली ओढून तिनं यादी उघडली. यादीत एकच नाव होतं, लॅपटॉपच्या स्पीकरचं. तक्रार मिटली होती.

तिनं भरलेला आवाज फोनमध्ये घेतला आणि लावला.

काही नाही.

तिनं फोनचा आवाज वाढवला. हेडफोन लावले. दुसरे लावले. फाइल लॅपटॉपवर लावली. रेघ दिसत होती, डोंगर सरकत होते, वेळ पुढे जात होता, आणि आवाज नव्हता. तिनं फुली पाहिली. पट्टी पाहिली. आवाज कुठे जातोय ते पाहिलं. लोकांना विचारायची ते सगळे प्रश्न तिनं स्वतःला ओळीनं विचारले, आणि मग पहिल्यापासून परत विचारले.

दार वाजलं. आई आली होती. ठकूनं दार उघडलं, हेडफोन काढलेला फोन टेबलावर चालूच होता. आई दोन पावलं आत आली आणि थबकली. पिशवी हातात तशीच. मान किंचित टेबलाकडे वळलेली.

“आई?”

आईनं बोट वर करून तिला गप्प केलं.

ती उभ्या उभ्या ऐकत राहिली. ठकू तिच्याकडे बघत राहिली. आईचे डोळे भरले, मग वाहिले, मग कोरडे झाले. एकदा ती मान हलवून “नाही हो,” असं पुटपुटली.  फोनवरची वेळ संपली तेव्हा तिनं पिशवी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

“काय म्हणाले?” ठकूनं विचारलं.

आई तिच्याकडे बघत होती. परक्या घरच्या, पाहुणी म्हणून आलेल्या मुलीकडे बघावं तशी.

“मला सांगायचं तरी होतंस,” आई म्हणाली.

“काय सांगायचं? आई, मला ऐकू येत नाहीये. शपथ. त्यात आवाजच नाही.”

“तू हो म्हणालीस.”

“कशाला?”

आई आत निघून गेली. थोड्या वेळानं कपाट उघडल्याचा आवाज आला. ठकू दारात जाऊन उभी राहिली. आई ठकूचे कपडे काढून एकेक घडी घालत होती, हातानं दाबून दाबून, लहानपणी शाळेच्या गणवेशाची घालायची तशी.

आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं ठकूनं ठरवलं. चार महिने एकटी, त्यात हे. डॉक्टरांकडे न्यायला हवं. पण तिला खात्री करून घ्यायची होती. गुरुवारी सकाळी ती फोन घेऊन समोरच्या दारी गेली.

“सिस्टर, यात काही ऐकू येतं का बघता? माझ्या फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे.”

सिस्टरांनी हसत फोन कानाला लावला. “अय्या, बाबांचा आवाज!” त्या म्हणाल्या. “जुनं आहे का गं हे? किती स्पष्ट... आणि ही तू. हं हं करतेयस नुसती.” मग त्या ऐकू लागल्या. हसू तोंडावर राहिलं, पण त्यातला जीव गेला. मध्येच त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. चाळीस वर्षं माणसं मरताना बघितलेली बाई ती, चेहरा सांभाळणं तिच्या अंगवळणी होतं. तरी गुडघ्यावरचा हात मिटला होता.

“घरचं बोलणं आहे हे,” शेवटी त्या म्हणाल्या. “मला ऐकवायला नको होतंस.”

“मला ऐकू येत नाही, सिस्टर. एक शब्दही नाही. काय म्हणतात ते सांगा. नाहीतर लिहून द्या.”

तिनं कॅलेंडरचा कागद आणि पेन्सिल पुढे केली. सिस्टरांनी पेन्सिल घेतली. टोक कागदावर टेकवलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. कागदावर एक ठिपका उमटला, तो हळूहळू मोठा झाला, आणि टोक मोडलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून नको.”

“निदान शेवटचं तरी. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलंय ना?”

“विचारलंय.” सिस्टर उठल्या, तिला धरून दारापर्यंत आणलं. धरणं मायेचं होतं आणि घट्ट होतं. “दोनदा विचारलंय गं त्यांनी. नीट समजावून, सावकाश. घाईनं उत्तर देऊ नकोस म्हणाले. आणि तू...”

त्यांनी पुढचं बोलणं गिळलं. दार लागलं. आतून वरची कडी सरकली, मग खालचीही.

ठकू जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. खालून ऊन वर आलं होतं. जिना रिकामा होता, पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या. दुपारी तीनची गाडी होती. ती धरायची, कामावर रुजू व्हायचं, हे सगळं इथेच सोडून द्यायचं, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, जिना उतरायचा नाही. निदान आज नाही. काय कबूल केलंय ते कळेपर्यंत या घरातून पाऊल बाहेर टाकायचं नाही.

ती घरात आली. दाराशी तिची बॅग उभी होती, चेन लावलेली. वर तिची शाल घडी करून ठेवली होती.

आई स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर विणकामवाली मोठ्यानं बोलत होती आणि आई तिच्या सूचना ऐकून मान डोलावत होती.

“आई, मी आज जात नाहीये,” ठकू म्हणाली. “उद्याही नाही. मी इथेच राहणार आहे.”

“बरं,” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. फार दमल्यावर माणूस बोलतो तशी बोलली.

मग तिनं डबा उघडला आणि दुपारच्या जेवणासाठी तांदूळ काढले. एका माणसापुरते.